'एकतर्फी प्रेम': एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना का?

पारवा:
'एकतर्फी प्रेम' हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो असं बरेच दिवस डोक्यात आहे. एक म्हणजे कॉलेजात मागच्या बाकावरून कुणाकडे तरी बघत तीन वर्षं काढणारा मुलगा किंवा मुलगी, कधी धड बोलणंही झालं नाही, समोरच्याला पत्ताच नाही. आणि दुसरं म्हणजे पेपरातलं, 'एकतर्फी प्रेमातून तरुणीवर कोयत्याने वार'. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला भर रस्त्यात एका प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवलं, आठवड्याभरात ती गेली, त्या बातम्यांमध्येपण हाच शब्द होता. मराठीत या दोन गोष्टींना वेगळे शब्द नाहीत का? आणि मानसशास्त्रवाले याकडे कसं बघतात? माहीत असेल त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

तिरफळ:
शब्दापासून सुरुवात करते. 'तर्फ' हा अरबी-फारसीतून आलेला, अर्थ बाजू किंवा दिशा. मराठीत तो चांगलाच मुरलाय, 'मंडळातर्फे सत्कार' म्हणतो तो हाच, आणि पिंपळगाव तर्फे महाळुंगे अशा गावांच्या नावातही महसुली विभाग म्हणून तोच बसलाय. 'एकतर्फी' मात्र मला पक्का कोर्टातला वाटतो. प्रतिवादी समन्स मिळूनही हजर झाला नाही की दावा एकतर्फी चालतो, निकाल एकतर्फी लागतो. म्हणजे दुसऱ्या बाजूचं म्हणणं न ऐकता लागलेला निकाल. आता हा अर्थ प्रेमाला लावून बघा, मनातल्या मनात सगळं ठरलं, साक्षीपुरावे पण आपणच गोळा केले, ती हसली हा पुरावा, तिने पेन परत करताना दोन शब्द जास्त बोलली हा पुरावा, आणि जिच्याबद्दल हे चाललंय तिला विचारलंच नाही.

पण त्याआधी मराठीत यासाठी बोलायचे ते बहुतेक क्रियापदांनी. भाळणे, मन बसणे, जीव जडणे, वेध लागणे, झुरणे. यातलं झुरणे बघा, झुरणारा माणूस स्वतःच आतून झिजतो, दुसऱ्याला त्याचा काही त्रास नाही. 'तो तिच्यासाठी झुरला आणि त्याने तिच्यावर हल्ला केला' हे वाक्य मराठीत होतच नाही, कानाला लगेच खटकतं. पारवा, तुमच्या पहिल्या प्रकारासाठी हा शब्द तयार आहे, आपण वापरायचा सोडलाय एवढंच. आणि पेपरात हल्ल्यालाही 'प्रेम' म्हटलं की आरोपीला सूट दिल्यासारखं होतं, तो शब्द तिथे चुकीचाच आहे.

शेवगा:
थोडं वेगळं मत मांडतो. बातमीदार तो शब्द आरोपीला सूट द्यायला वापरत नाही, गुन्ह्याचं कारण एका शब्दात सांगायला वापरतो, कारण पोलिसांकडून येतं तेच 'एकतर्फी प्रेमातून'. जमिनीच्या वादातून, पैशाच्या देवाणघेवाणीतून, तसंच हे. त्या माणसाला ते प्रेमच वाटत होतं ना? मग शब्द चुकीचा कसा? आणि झुरणे बिरणे छान आहे पण आज कुठला विशीतला मुलगा म्हणेल की मी झुरतोय, तो म्हणणार क्रश आहे.

मोरपंखी:
शेवगा, 'त्याला वाटत होतं' इथेच खरी गोम आहे. मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे त्यामुळे मानसशास्त्राच्या बाजूने लिहिते, लांब होईल.

डोरोथी टेनॉव्ह नावाची अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होती, तिने कितीतरी लोकांशी त्यांच्या प्रेमात पडण्याबद्दल बोलून १९७९ मध्ये पुस्तक लिहिलं आणि या अवस्थेला 'लिमरन्स' असा शब्द दिला. तो तिने सरळ बनवला, त्याला कुठलीच व्युत्पत्ती नाही असं तिनेच सांगितलंय, कारण 'प्रेम' म्हटलं की माणसं भलतंच काही समजतात हीच तिची अडचण होती, म्हणजे आपली आजची चर्चा. या अवस्थेत काय होतं तर त्या एका व्यक्तीचे विचार आपोआप येत राहतात, थांबवता येत नाहीत, तिच्या बारीकशा कृतीचा अर्थ लावला जातो, तिचे दोष दिसत असले तरी गोड वाटतात, आणि सगळ्यात जास्त हवी असते ती परतफेड, तिलाही आपण आवडतो याची खूण. टेनॉव्हचं महत्त्वाचं म्हणणं असं की ही अवस्था टिकते आशा आणि अनिश्चितता या दोन्हीवर. स्पष्ट होकार आला तरी तिची धार हळूहळू उतरते, आणि आशा पूर्ण संपली तरी ती ओसरते. मला यासाठी मराठीत सगळ्यात जवळचा वाटतो तो शब्द 'आस'. आस लावून बसणे. त्यात वाट बघणं आहे, मिळेल असं वाटणं आहे आणि मिळेलच याची खात्री नाही हेही आहे.

आता दुसरी बाजू. रॉय बाउमायस्टर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक अभ्यास आहे, त्यांनी लोकांकडून दोन्ही बाजूंच्या गोष्टी लिहून घेतल्या, मी कुणावर प्रेम केलं आणि मिळालं नाही ती, आणि माझ्यावर कुणी केलं आणि मला नको होतं ती. ज्यांनी प्रेम केलं त्यांच्या आठवणी दुःखाच्या होत्या पण बऱ्याचशा गोडही होत्या. ज्यांना ते नको होतं त्यांच्या आठवणी मात्र जास्त कडू निघाल्या, अपराधीपणा, वैताग, कोंडी. आपण साधारण उलटं समजतो ना, की नाही म्हणणाऱ्याचं काय जातं! शिवाय प्रेम करणाऱ्यांना वाटत होतं की समोरून प्रतिसाद होता, आपल्याला नादी लावलं गेलं, स्पष्ट नकार कधी मिळालाच नाही. आणि अभ्यासकांना आणखी एक दिसलं, प्रेम करणाऱ्याला कसं वागायचं ते माहीत असतं, गाणी सिनेमे गोष्टी सगळे त्याच्या बाजूने आहेत, प्रयत्न करत राहा, वाट बघ. नकार देणाऱ्याला असा कुठलाच तयार पाठ मिळालेला नसतो.

तिरफळ:
मोरपंखी, हे शेवटचं आपल्या शब्दसंपत्तीत अक्षरशः दिसतं. 'तिने त्याला झुलवलं', 'खेळवलं', 'भाव दिला नाही', 'लाईन दिली आणि मग फिरली', हे सगळे वाक्प्रचार कुणाच्या बाजूने आहेत बघा, सगळे त्याच्या. तिच्या बाजूने बोलायला काय आहे? झिडकारणे, धुडकावणे, फेटाळणे. झिडकारणे म्हटलं की ती उद्धट झाली, आणि फेटाळायचा तर अर्ज असतो. नको असलेलं प्रेम शांतपणे, समोरच्याचा मान राखून परत करणे यासाठी साधं एक क्रियापद सापडत नाही मला.

आणि गंमत म्हणजे ठरवून केलेल्या लग्नात हे आपल्याला अगदी व्यवस्थित जमतं. पत्रिका जुळत नाही, योग नाही, मुलीचं एवढ्यात करायचं नाही, मध्यस्थाकरवी निरोप जातो आणि दोन्हीकडचे लोक पुढच्या वर्षी एखाद्या मुंजीत एकमेकांना वाढतातसुद्धा. पण कॉलेजमध्ये किंवा ऑफिसात एखाद्या मुलीने 'योग नाही' म्हणून सांगायचं कसं, तिच्याकडे मध्यस्थ पण नाही.

मोरपंखी:
'लाईन देणे' वरून आठवलं. अँटोनिया अ‍ॅबी या मानसशास्त्रज्ञ बाईचा १९८२ चा प्रयोग आहे, एक मुलगा आणि एक मुलगी नुसत्या गप्पा मारतायत आणि दुसरे दोघं, एक मुलगा एक मुलगी, ते बघतायत. बघणाऱ्या मुलांना त्या मुलीच्या साध्या मोकळेपणात मुलींपेक्षा जास्त लैंगिक अर्थ दिसला. मोकळेपणाला 'लाईन' हे नाव पडलं की समोरच्याच्या हातात पुरावाच दिल्यासारखं होतं, मग नंतरचा नकार हा विश्वासघात वाटायला लागतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांशी बोलताना मी हा शब्द मुद्दाम थांबवते आणि विचारते, तिने नक्की काय केलं ते सांग, शब्द नको, कृती सांग. बऱ्याचदा निघतं ते नोट्स दिल्या, मेसेजला उत्तर दिलं एवढंच.

शेवगा, क्रश शब्दाबद्दल मला तक्रार नाही, उलट बरा आहे, हलका आहे, 'क्रश होता, गेला' असं सहज म्हणता येतं.

पारवा:
वा, खूप मिळालं यातून. पण दुसऱ्या प्रकारासाठी शब्द काय, तो राहिला. 'एकतर्फी प्रेमातून हल्ला' च्या जागी काय लिहायचं? 'वेडातून' म्हटलं तर पुन्हा सूट दिल्यासारखं होतं.

शेवगा:
वेड नकोच, मनोरुग्णांवर अन्याय होतो त्याने. कायद्यात बघितलं तर शब्द तिथे आहे. २०१३ च्या दुरुस्तीत भारतीय दंड संहितेत ३५४-ड कलम आलं, आता न्याय संहितेत ते ७८ आहे, शब्द 'पाठलाग'. बाईने स्पष्टपणे नको असल्याचं दाखवूनही तिच्या मागे जाणं, वारंवार संपर्काचा प्रयत्न करणं, नेटवर तिच्यावर पाळत ठेवणं हे सगळं त्यात येतं. यात पुरुषाला काय वाटत होतं हा प्रश्न येतच नाही, बाईने काय सांगितलं होतं तो येतो. कारण एका शब्दात हवं असेल तर 'नकाराच्या रागातून' लिहिता येईल, तेवढीच अक्षरं लागतात.

तिरफळ:
'नकाराच्या रागातून' मध्ये वाचणाऱ्याला पुन्हा वाटेल की तिने नाही म्हटलं म्हणून झालं. मी असं लिहीन, 'सहा महिने पाठलाग करणाऱ्याचा तरुणीवर हल्ला'. त्याने काय केलं ते आलं, किती दिवस केलं ते आलं, आणि वाचणारा लगेच विचारतो की सहा महिने पोलीस, घरचे, कॉलेजवाले काय करत होते.

शेवगा:
हे चालेल. प्रेम आणि नकार दोन्ही शब्द गेले, काही अडलं नाही. आमच्या गावच्या बातम्यांच्या ग्रुपवर उपसंपादक आहेत एक दोघं, त्यांना हा धागा पाठवतोय.