मदत हवी आहे: सॅक्युलिना लागलेला खेकडा कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. परजीवींबद्दल बोलताना सॅक्युलिनाची गोष्ट सांगितली, तेव्हापासून मुलं "मॅडम, खरा दाखवा ना" म्हणून मागे लागली आहेत.

हा बार्नेकलच्या (खडकांना, बोटींना चिकटून राहणाऱ्या कवचवाल्या जीवांच्या) कुळातला समुद्री जीव. अळी खेकड्याला चिकटते, कवच बाहेर टाकून मूठभर पेशींच्या रूपात आत शिरते आणि मुळांसारखे तंतू पार पायांपर्यंत पसरवते. खेकड्याची प्रजनन करायची ताकद जाते. मग मादी जिथे अंडी धरते तिथेच, पोटाखाली, परजीवीची पिशवी बाहेर येते. खेकडा नर असला तरी त्याचं पोट मादीसारखं रुंद होतं आणि ती पिशवी तो आपल्या अंड्यांसारखी जपतो! पिशवीला ना पाय ना तोंड. १८३६ साली जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी अळ्या पाहून तिचं कूळ ओळखलं.

सलग तीन रविवार मासळी बाजारात बर्फातले समुद्री खेकडे उलटेपालटे करून पाहिले. एकदा वाटलं, सापडली! पण चिमटीत दाणे सुटले, ती अंडीच होती. सॅक्युलिनाची पिशवी गुळगुळीत, एकसंध असते.

रत्नागिरी-मालवणकडे कुणाचे नातेवाईक बंदरावर जात असतील तर असा खेकडा बाजूला ठेवायला सांगाल का? आणि तो नागपूरपर्यंत न सडता कसा आणावा, अल्कोहोलमध्ये की फॉर्मेलिनमध्ये? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. खर्च मी देईन.