मांडीवर की कारसीटमध्ये? (नेवार्क ते सांगली, सोबत २३ महिन्यांची लेक)

भरीत_भाकरी

मंडळी, १२ डिसेंबरला मी आणि लेक नेवार्कहून निघतोय. फ्रँकफर्टला विमान बदलायचं, मग मुंबई, तिथून गाडीने सांगली. नवरा ख्रिसमसला येणार, म्हणजे जाताना मी एकटीच. निघताना लेक २३ महिन्यांची असेल. दुसरा वाढदिवस सांगलीत, ६ जानेवारीला, त्यामुळे परतीचं तिचं तिकीट पूर्ण सीटचंच काढावं लागलंय. प्रश्न फक्त जातानाचा आहे. मांडीवर नेली तर माझ्या तिकिटाच्या साधारण दहा टक्के. सीट घेतली तर नऊशे डॉलर जास्त.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "नऊशे डॉलरात अख्ख्या गल्लीला श्रीखंड-पुरी होईल." हिशेब चुकीचा नाही.

सीट घेतलीच, तर कारसीट (गाडीत मुलाला बांधून बसवायची खुर्ची) विमानात लावायची म्हणतात. आमची घरची कारसीट म्हणजे धोंडा आहे, वीस पौंडांच्या वर. मी, लेक, तिची बॅग, माझी बॅग आणि वर हा धोंडा, असं फ्रँकफर्टच्या विमानतळावर पळायचं? खरंच कुणी नेते का? की चेक-इन करून टाकू? की नेऊच नको, सांगलीत कोण विचारतंय कारसीट?

---

जुनी_खोड

आम्ही १९९४ साली डेट्रॉइटहून दीड वर्षाच्या मुलाला मांडीवर आणला. काही झालं नाही. आता तो स्वतःच्या पोराला सीटशिवाय घराबाहेर काढत नाही. काळ बदलला, आपण बोलू नये. पण बॅसिनेट, म्हणजे विमानातला पाळणा, मिळतो का बघ, पैसे वाचतील.

---

दोन_पोरं_चार_बॅगा

बॅसिनेट विसर. २३ महिन्यांचं मूल त्यात मावत नाही, वजनाची मर्यादा असते. आणि मावलं तरी पट्टा बांधायचा दिवा लागला की झोपलेलं मूल उचलून मांडीवर घ्यावं लागतं. मोठ्या पोराच्या वेळी अटलांटिकवर तो दिवा चार वेळा लागला. चौथ्या वेळी आम्ही दोघंही रडत होतो.

सॅन फ्रान्सिस्कोहून पाच वाऱ्या झाल्यात. पहिली मांडीवर, बाकीच्या चार कारसीट लावून. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नियम. अमेरिकेत दोन वर्षांखालचं मूल मांडीवर नेता येतं, पण एफएए, म्हणजे तिथलं विमान वाहतूक खातं, स्वतःच सांगतं की मांडी सुरक्षित नाही, मान्यताप्राप्त सीट वापरा. मग सक्ती का नाही? १९८९ साली आयोवात सू सिटीला युनायटेडचं २३२ क्रमांकाचं विमान कोसळलं, त्यात चार मुलं मांडीवरची होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्यांना पायाशी जमिनीवर धरून ठेवायला सांगितलं गेलं. त्यातलं एक गेलं. त्या विमानातल्या मुख्य परिचारिका जॅन ब्राउन पुढे कित्येक वर्षं प्रत्येक मुलाला स्वतंत्र सीट हवी म्हणून भांडत राहिल्या. २००५ साली एफएएने सक्ती करणार नाही असं जाहीर केलं. कारण असं की जास्तीचं तिकीट परवडलं नाही तर लोक विमान सोडून गाडीने जातील, आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुलं मरतील.

आता तुझ्या प्रवासाला हाच हिशेब लाव. मुंबई ते सांगली पावणेचारशे किलोमीटर, सात-आठ तास. रात्रभर न झोपलेली आई मागे, आणि मूल बहुतेक पुढच्या सीटवर आजोबांच्या मांडीवर, समोर एअरबॅग. तुझ्या सबंध प्रवासातला सगळ्यात धोक्याचा तुकडा तो आहे. विमानात न्यायचं निमित्त कर, पण कारसीट सांगलीच्या रस्त्यासाठी ने.

आणि नेणारच आहेस तर विमानाच्या पोटात टाकू नकोस. सामानात टाकलेली कारसीट कुठून कशी आपटली ते कळत नाही, वरून धड दिसते आणि आत तडा असतो. आमची एकदा भलत्याच गावी गेली, तीन दिवसांनी आली. ते तीन दिवस आम्ही घरातून हललो नाही.

घरचा धोंडा घरीच ठेव. कॉस्को सिनेरा नावाची साधी हलकी सीट मिळते, विमानाने फिरणाऱ्या लोकांत लोकप्रिय आहे. गादी पातळ, दिसायला दरिद्री, पण काम चोख. कुठलीही घेतलीस तरी तिच्या अंगावर लाल अक्षरात विमानात वापरायला मान्यता असल्याचं इंग्रजी वाक्य छापलेलं असतं, ते शोध. त्याचा फोटो फोनमध्ये ठेव, म्हणजे कर्मचारी विचारतील तेव्हा सीट उलटी करावी लागणार नाही. नुसता बूस्टर (मुलाला उंच करणारी बैठक) असतो तो चालत नाही, उड्डाण आणि उतरताना तर नाहीच. टेप घेऊन रुंदी मोज. सोळा इंचांपर्यंत असेल तर बहुतेक ठिकाणी बसते. कपहोल्डर निघत असेल तर घरीच काढून ठेव, विमानातल्या खुर्चीच्या हातांमध्ये अडकतो तो तोच.

पट्ट्याने चाकाच्या बॅगेवर ही सीट आवळून बांध आणि लेकीला त्यात बसव. तिची बाबागाडी तीच. सुरक्षा तपासणीला मात्र सगळं सोडून एक्स-रेतून घालावं लागतं, तेवढा वेळ धर. विमानात पहिल्यांदा सोडतात तेव्हाच शिर, आणि सीट डोक्यावर धरून चाल, नाहीतर दोन्ही बाजूंच्या लोकांचे कोपर मोजत जाशील.

जागा खिडकीची घे. दुसऱ्या कुणाचा बाहेर पडायचा रस्ता अडू नये म्हणून बहुधा तिथेच लावू देतात. आणीबाणीच्या दाराच्या रांगेत नाही, तिच्या पुढे-मागेही नाही. कारसीटचे हुक अडकवायला गाडीत असतात तशा दांड्या विमानात नसतात, फक्त कमरेचा पट्टा असतो. तो कारसीटच्या ठरलेल्या फटीतून ओवायचा, गुडघा सीटमध्ये दाबून सगळं वजन टाकायचं आणि पट्टा खेचायचा. आता सगळ्यात महत्त्वाचं: बक्कल पालथं करून लाव. झाकण बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. सरळ लावलंस तर ते सीटच्या आतल्या अंगाला दाबलं जातं आणि उतरताना उघडत नाही. मुंबईत सगळं विमान रिकामं झालं तरी मी एका बक्कलशी झुंजत होतो.

पुढे तोंड करून बसवलंस तर तिचे पाय बरोब्बर पुढच्याच्या पाठीला लागतील. नऊ तास लाथा. मागे तोंड करून लावता आली तर ते टळतं, पण मग पुढच्याला सीट मागे रेलता येत नाही. शिव्या कशाबद्दल खायच्या ते तू ठरव.

पण झोप! ती रोज ज्या खुर्चीत पेंगते, तीच खुर्ची. दुसऱ्या पोराने सहा तास सलग झोप काढली. मी अख्खं जेवण गरम खाल्लं, दोन्ही हातांनी.

नऊशे डॉलर नसतीलच, तर मांडीवर ने, मी नाव ठेवणार नाही. विमानं सुरक्षितच असतात. पण कारसीट तरीही ने.

---

नेकारकाठी

श्टुटगार्टहून लिहितेय. फ्रँकफर्टपुढच्या टप्प्यासाठी: इकडच्या विमान कंपन्या अमेरिकन शिक्क्याच्या सीट सहसा चालवतात, पण बुकिंगवर आधी नोंदवायला लावतात. फोन करून नोंदव आणि ईमेल मागून घे. आणि गंमत बघ. इकडे मांडीवरच्या मुलाला आईच्या पट्ट्यात ओवलेला छोटा पट्टा सक्तीचा, तर अमेरिकेत उड्डाण आणि उतरताना तोच पट्टा वापरायला मनाई, कारण झटका बसला की आई त्या मुलावरच दुमडते. एकाच प्रवासात दोन्ही ऐकशील, गोंधळू नकोस.

---

भरीत_भाकरी

बापरे, एवढं! धन्यवाद. तो विमानातला नुसता खांद्यांवरून येणारा पट्टा मिळतो ना, केअर्स की काय, तो बघितला. पौंडभराचाच आहे, मोह होतोय.

---

दोन_पोरं_चार_बॅगा

चांगला आहे. २२ ते ४४ पौंड वजन आणि ४० इंचांपर्यंत उंची, लेक बसेल त्यात. पण गाडीत तो लागत नाही. सांगलीच्या वाटेवर पेठ नाक्यावर त्याचं काय करणार?

---

मसूरकर_गाडीवाला

पेठ नाक्याचं नाव निघालं म्हणून लिहितो, रोजचा रस्ता आहे आपला. ताई, कारसीट आणा, पण गाडी सांगताना एक विचारून घ्या. मागच्या सीटच्या फटीत बोटं घालून बघायला सांगा, दोन लोखंडी दांड्या लागतात का. असल्या तर तुमच्या सीटचे हुक त्याला बसतात, प्रश्न मिटला. नसल्या तर गाडीच्या पट्ट्याने बांधायची, आणि इथंच अडतंय. अमेरिकेतल्या गाडीचा पट्टा पूर्ण ओढला की टर्र टर्र करत लॉक होतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचा होत नाही, फक्त जोरात ब्रेक लागला की अडकतो. म्हणजे सीट इकडं-तिकडं हलत राहणार. त्याला एक लोखंडी क्लिप असते, इंग्रजी एच अक्षरासारखी, बक्कलजवळ दोन्ही पट्टे त्यात पकडायचे. ती तिकडूनच घेऊन या, इकडं दुकानात मागितली की पोरगं हेअरपिन दाखवतंय.

आणि कोण विचारतंय म्हणालात तर, २०१९ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालच्या पोराला पट्टा किंवा सीट नसली तर हजार रुपये दंड आहे कायद्यात. कुणी धरत नाही ते सोडा.

पहाटे उतरत असाल तर लगेच निघू नका. ड्रायव्हर रात्रभर जागून आलेला असतोय. त्याला दोन तास झोपू द्या.

---

भरीत_भाकरी

सांगलीहून अहवाल. सीट घेतली. नऊशेचे शेवटी साडेआठशे पडले. हलकी कारसीट आणली, बॅगेवर बांधून लेकीला फ्रँकफर्टभर मिरवली, एका आजोबांनी फोटो काढला. पहिल्या टप्प्यात साडेचार तास झोपली. दुसऱ्यात अजिबात नाही, पण निदान बांधलेली होती.

गाडीत दांड्या नव्हत्या. क्लिप कामाला आली, मसूरकर, तुम्हाला कराडच्या चहाचं देणं लागते. बाबा पुढच्या सीटवर हात पसरून तयारच होते, "दे इकडे माझी चिमणी." चिमणीनेच मान हलवली आणि स्वतःच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. साताऱ्यापर्यंत रुसले होते.

आणि हो, बक्कल. नेवार्कला आठवणीने पालथं केलं. फ्रँकफर्टला विसरले. मुंबईत दोन परिचारिका आणि एक सफाईवाले काका लागले.