फायली हलवताना ओढाओढी कशासाठी? कीबोर्ड की माउस

उभीरेघ (धागाकर्ता)

माझं दिवसभराचं काम म्हणजे स्कॅन होऊन आलेली कागदपत्रं जागच्या जागी लावणं. सगळं आधी एका फोल्डरमध्ये पडतं, तिथून वर्ष, विषय आणि प्रकरण क्रमांकाप्रमाणे वेगवेगळ्या फोल्डरांत जातं. दिवसाला दीडशे-दोनशे फायली सहज होतात. इतक्या वर्षांनंतर माझं ठाम मत झालं आहे की हे काम माउसने ओढून करू नये. वेळ जास्त लागतो हा मुद्दा दुय्यम आहे. मुख्य मुद्दा भरवशाचा.

एका संध्याकाळी सामायिक ड्राइव्हवर, डावीकडच्या फोल्डरांच्या यादीत मी नुसतं क्लिक करायला गेलो आणि बटण दाबलेलं असतानाच हात जरासा सरकला. एक अख्खा फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात गेला. विचारणा नाही, आवाज नाही. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली की आतला मजकूर जागचा हलत नाही, फक्त नोंद बदलते. त्यामुळे हजारो फायलींचा फोल्डरही डोळ्याची पापणी लवायच्या आत जातो, प्रगतीची पट्टीसुद्धा दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहकाऱ्यांनी फोल्डर गायब झाल्याचं सांगितलं आणि तो सापडेपर्यंत अर्धा दिवस गेला.

तेव्हापासून मी टोटल कमांडर हे फायली हाताळायचं साधन वापरतो. दोन खिडक्या, डावीकडे ‘जिथून’, उजवीकडे ‘जिथे’. इन्सर्ट दाबत खाली यायचं, निवडलेली नावं लाल होत जातात. मग एफ६. चौकट उघडते आणि फायली कुठे जाणार आहेत तो पूर्ण पत्ता तिच्यात लिहिलेला असतो. वाचायचा, एंटर मारायचा. ही रीत १९८६च्या नॉर्टन कमांडरपासून चालत आली आहे: एफ५ नक्कल, एफ६ हलवणं, एफ७ नवा फोल्डर, एफ८ काढून टाकणं. लिनक्सवरच्या मिडनाइट कमांडरमध्ये याच कळा, डबल कमांडरमध्येही याच. बोटांना एकदा सवय झाली की संगणक बदलला तरी पुन्हा शिकावं लागत नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

शांतनिळाई

मला पटत नाही. तुमच्या फायलींना नावं आहेत, माझ्या फायलींना नाहीत. मी छायाचित्रं लावते. कॅमेऱ्यातून येतात ते नुसते क्रमांक. ७४१२ मध्ये डोळे मिटलेले आहेत आणि ७४१३ मध्ये उघडे, हे नाव वाचून कळत नाही, चित्र बघावंच लागतं. मोठ्या लघुचित्रांची मांडणी लावायची, कंट्रोल दाबून हवी ती विखुरलेली चित्रं टिपायची आणि शेजारच्या फोल्डरवर नेऊन सोडायची. यात कीबोर्ड कुठे मधे येतो तेच मला समजत नाही.

आणि तुमचा तो हरवलेला फोल्डर कंट्रोल-झेडने परत आला असता. विंडोजमध्ये हलवलेली फाइल उलट फिरवता येते.

उभीरेघ

येते, पण चूक झाली हे चूक करणाऱ्याच्या तेव्हाच लक्षात आलं तर. मला दुसऱ्या दिवशी कळलं, तोवर संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता. सहकाऱ्याच्या संगणकावरून कंट्रोल-झेड मारून माझी चूक निस्तरता येत नाही. म्हणून मला हलवण्याच्या *आधी* पत्ता दिसायला हवा.

छायाचित्रांचा मुद्दा मात्र बरोबर आहे. मी तो विचार केला नव्हता.

मोजपट्टी

दोन्ही बाजू ‘वेगा’चं नाव घेतात, पण घड्याळ कुणी लावत नाही. कार्ड, मोरन आणि न्यूवेल या तिघांनी १९८० साली अशा कामाचा अंदाज बांधायची एक पद्धत दिली. बऱ्यापैकी सराव असलेल्याला एक कळ दाबायला साधारण ०.२ सेकंद, माउसने एखाद्या जागेवर पोचायला १.१, हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४ आणि ‘आता काय करायचं’ हे मनात ठरवायला १.३५ सेकंद.

आता एकाखाली एक असलेल्या दहा फायली घ्या. माउसने: हात नेणं ०.४, पहिली फाइल १.१, शिफ्ट दाबून शेवटची १.१, ओढत फोल्डरपर्यंत १.१. झाले ३.७. कीबोर्डने: दहा वेळा इन्सर्ट, एफ६, एंटर. बारा कळा, २.४ सेकंद. फरक १.३ सेकंदांचा. म्हणजे एकदा ‘कुठली कळ होती बरं’ असं मनात आलं की सगळी कमाई संपली.

उलट हवी असलेली फाइल चाळीस ओळी खाली असेल तर बाण दाबत जायला आठ सेकंद, माउसला तेच १.१.

ॲपलमध्ये काम केलेल्या ब्रूस टॉगनाझिनी यांनी १९८९मध्ये हेच मांडलं होतं: लोकांना कीबोर्ड जलद वाटतो, पण घड्याळ माउसच्या बाजूने कौल देतं. कळ आठवण्यात गेलेला वेळ आपल्याला जाणवतच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासमोर मेनूतल्या आज्ञा होत्या, दोन खिडक्यांचं साधन नव्हतं, हे मान्य. तरी ‘मला जलद वाटतं’ एवढ्यावर कुणी विसंबू नये.

काळापडदा

चाळीस वेळा बाण दाबत कोण जातं? अशा साधनांत नाव टाइप करायला लागलं की फाइल सापडते, तीन-चार अक्षरं पुरतात. आणि खरा फायदा एका फाइलला नाहीच. ज्यांच्या नावात ‘पावती’ आहे अशा सगळ्या फायली हव्या असतील तर टोटल कमांडरमध्ये आकड्यांच्या बाजूची अधिकची कळ दाबायची, नमुना लिहायचा, एंटर. बारा असोत की बाराशे, कळा तेवढ्याच. तुमच्या हिशेबात हे घालून बघा.

मी स्वतः त्याच्याही पुढे, थेट टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीवर आहे. झॉक्साइड नावाच्या साधनाला मी सतत कुठल्या फोल्डरमध्ये जातो ते माहीत असतं, नावाचा तुकडा दिला की तिथे नेऊन सोडतं. एफझेडएफमध्ये चार अक्षरं टाकली की हजारोंतून फाइल गाळून समोर येते. मग एमव्ही, ही फाइल हलवायची आज्ञा. चौकट नाही, खिडकी नाही.

पानगळ

टर्मिनलचा सल्ला सरसकट देऊ नका, कळकळीने सांगते. मी एका फोल्डरमधल्या साठेक फायली ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायला एक छोटा फेरा लिहिला होता: प्रत्येक फाइल घे, एमव्ही करून ‘जुने’मध्ये टाक. ‘जुने’ हा फोल्डर अजून तयारच केलेला नाही, हे लक्षात आलं नाही. एमव्हीने पहिल्या फाइलचं नावच ‘जुने’ करून टाकलं. दुसरी आली, तिचंही नाव ‘जुने’, पहिली पुसली गेली. असं साठ वेळा. शेवटी उरली ‘जुने’ नावाची एकच फाइल, साठावी. एकदाही विचारणा झाली नाही. कचरापेटीतही काही नव्हतं, कारण एमव्ही कचरापेटीतून जात नाही. ते माझ्या वडिलांच्या हस्तलिखित पानांचं स्कॅनिंग होतं. मूळ कागद घरात होते म्हणून पुन्हा करता आलं, त्यात चार रविवार गेले.

उभीरेघ यांचा फोल्डर निदान कुठेतरी होता तरी. माझ्या फायली नव्हत्याच.

काळापडदा

वाचून वाईट वाटलं. हे अनेकांचं झालं आहे, माझंही एकदा होता होता राहिलं. त्यानंतर दोन सवयी लावून घेतल्या. फोल्डरच्या नावाशेवटी तिरपी रेघ द्यायचीच. मग तो फोल्डर नसेल तर एमव्ही चूक दाखवून थांबतं. आणि वजाचिन्ह-एन लावायचं, म्हणजे त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती झाकली जात नाही.

तरी तुमचा मूळ मुद्दा मी मान्य करतो. ज्या साधनाला सुरक्षित वापरण्यासाठी आधी दोन सवयी लागतात ते नवख्याच्या हातात देऊ नये.

अक्षरवेल

एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. आपल्या फोल्डरांची नावं मराठीत असतात.

रेंजरसारख्या टर्मिनलमधल्या साधनांत जे ही कळ म्हणजे खाली, के म्हणजे वर. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असेल तर जे दाबल्यावर ‘र’ उमटतो आणि के दाबल्यावर ‘क’. यादी जागची हलत नाही. आज्ञेसाठी इंग्रजीवर यायचं, नाव शोधायला मराठीवर जायचं, परत इंग्रजी. विंडोजमध्ये दर वेळी विंडोज-स्पेस. मोजपट्टी यांच्या हिशेबात ही उडी धरलेली नाही, आणि मला तर तीच सगळ्यात महाग पडते. कुठली लिपी चालू आहे ते आधी बघावं लागतं, म्हणजे नुसत्या दोन कळा नाहीत, १.३५ चा तो विचारही दर वेळी आलाच.

‘तीन-चार अक्षरं पुरतात’ हेही इंग्रजी नावांना लागू. ‘श्री’ एवढ्यालाच श, हलन्त, र आणि वेलांटी असे चार संकेत लागतात.

मी सुटका अशी करून घेतली: फोल्डरच्या नावाआधी इंग्रजी अंकांत दोन आकडी क्रमांक, पुढे मराठी नाव. शून्य-सात टाइप केलं की सातवा फोल्डर. लिपी बदलावी लागत नाही आणि यादीचा क्रमही मला हवा तसा राहतो. त्यानंतरच कीबोर्डने फायली हलवणं मला खरोखर जमायला लागलं.

उभीरेघ

हे फार उपयोगी आहे. मी नकळत तेच करत होतो, कारण आमची प्रकरणं क्रमांकानेच असतात. म्हणूनच मला ही अडचण कधी दिसली नाही. नेहमीचे फोल्डर टोटल कमांडरमधल्या कंट्रोल-डीच्या यादीत घालून ठेवले तर नाव टाइप करायची वेळच येत नाही, तेही करून बघा.

सहाठिपके

मला दिसत नाही, मी पडदावाचकावर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या साधनावर काम करतो. तुमच्यासाठी हा आवडीचा किंवा वेगाचा प्रश्न आहे. माझ्यासाठी ओढून सोडणं हा पर्यायच नाही. त्यामुळे कीबोर्डची बाजू मला जवळची वाटते, पण ‘कीबोर्डवर चालणारं ते सगळं उत्तम’ असं कृपया धरून चालू नका. मिडनाइट कमांडरच्या दोन खिडक्या टर्मिनलमध्ये अक्षरांनी रेखाटलेल्या असतात. वाचक ओळ वाचतो तेव्हा डावीकडची फाइल आणि उजवीकडची फाइल एकाच दमात वाचतो. कुठलं नाव कुठल्या बाजूचं, ते मला ताडत बसावं लागतं.

मला सगळ्यात बरं पडतं ते विंडोजचं साधं एक्सप्लोरर. कंट्रोल-एक्स, मग ऑल्ट-डी दाबून पत्त्याच्या पट्टीत, पत्ता टाइप करून एंटर, कंट्रोल-व्ही. मुद्दाम काही बसवावं लागत नाही, कुणाच्याही संगणकावर चालतं. पण मी कुठे पोचलो ते चिकटवण्याआधी ऐकून घेतो. उभीरेघ एफ६ची चौकट वाचतात, तसंच.

दुपारवेळ

मॅकवाल्यांसाठी: फाइंडरमध्ये फाइलवर कमांड-एक्स चालत नाही, आणि त्यामुळे बरेच जण ओढतच बसतात. कमांड-सी करा, हव्या त्या फोल्डरमध्ये जाऊन ऑप्शन-कमांड-व्ही दाबा. फाइल हलते, नक्कल मागे उरत नाही.

शांतनिळाई

चार दिवसांनी परत लिहिते आहे. टोटल कमांडरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ१ने लघुचित्रं दिसतात हे मला माहीत नव्हतं. एका समारंभाची सहाशेच्या वर छायाचित्रं त्यात लावून पाहिली. निवड मी माउसनेच केली, ती दुसऱ्या कशाने होणार नाही आणि त्याबद्दलचं माझं मत तेच आहे. पण निवडून झाल्यावर ओढलं नाही, एफ६ दाबलं.

दोनदा चौकटीत चुकीचा पत्ता दिसला. उजवीकडची खिडकी आदल्या कामाच्या फोल्डरवरच राहिली होती. ओढून टाकत होते तेव्हा असं किती वेळा झालं असेल, कुणास ठाऊक. आता जुने फोल्डर उघडून तपासायला बसले आहे. आतापर्यंत एका मुंजीच्या फोल्डरमध्ये लग्नाची अकरा छायाचित्रं सापडली आहेत.