मदत हवी आहे: फियाट ११०० डिलाइट गरम झाली की पेट्रोल चढत नाही

मंडळी, गाडी १९६५ ची, मूळचं १०८९ सीसी इंजिन, टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनवरचा पंप मेकॅनिकल (इंजिनच्याच दांड्याने चालणारा). थंडीत झकास चालते. पण दुपारी ट्रॅफिकमध्ये अडकली की आचके देत बंद पडते, वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप सुरू होते.

बंद पडल्यावर प्लगला ठिणगी चांगली येते, त्यामुळे ठिणगी पाडणारे कॉइल आणि पॉइंट ठीक आहेत, दोष त्यांचा नाही. कार्ब्युरेटरची वाटी (जिथे पेट्रोल साठतं) मात्र कोरडी! पंपावर ओलं फडकं टाकलं की लगेच सुरू होते. टाकी धुतली, फिल्टर नवा घातला, टाकीच्या झाकणाचं भोकही मोकळं आहे. रेडिएटर साफ, इंजिन प्रमाणाबाहेर तापत नाही. म्हणजे व्हेपर लॉकच (उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो), असं माझं मत.

पंपाचा पडदा (आत हलून पेट्रोल ओढणारा डायफ्रॅम) मात्र जुना, साध्या रबराचा आहे. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने असं रबर फुगतं, म्हणून तो बदलायचाच आहे. इलेक्ट्रिक पंप कृपया सुचवू नका, गाडी मूळ रूपातच जपायची आहे.

इथेनॉल सोसणारा पडदा मुंबई-पुण्यात कुठे मिळेल? आणि उष्णता कमी पोचावी म्हणून पंप व इंजिन ब्लॉकमधला स्पेसर (मधली जाड चकती) आणखी जाड केला, तर पंप हलवणाऱ्या दांड्याचा स्ट्रोक (पुढे-मागे सरकण्याचं अंतर) कमी पडतो का?