विद्यार्थ्याने हात उचलला. माझा हक्क काय?

गणिताच्या मॅडम, यवतमाळ जिल्हा
खेड्यातल्या जिल्हा परिषद हायस्कूलला शिकवते. नववीतल्या पोराला तासाला मोबाईल ठेवून दे म्हटलं, तर त्याने मला फळ्यावर ढकललं, डस्टर फेकून मारला. कपाळाला टाके पडले. परत अंगावर आला तेव्हा मी त्याची मनगटं घट्ट धरली, म्हणून थांबला. आता स्टाफरूममध्ये म्हणतात, मनगट धरलं हेच तुमच्यावर उलटेल. त्याचे वडील वेचणी सोडून आले होते. "लेकरू हाय जी मॅडम, तंटामुक्तीत बसून मिटवू." पोराचं नुकसान मलाही नको. पण काही झालंच नाही असं मी म्हणणार नाही. पुढच्या बाकावरच्या पोरींनी सगळं पाहिलंय.

तालुका कोर्टातला वकील
मॅडम, मनगट धरणं हा तुमचा स्वतःच्या बचावाचा हक्कच. भारतीय न्याय संहिता, कलम 35. मारणारा कच्च्या वयाचा असला तरी हा हक्क जात नाही, ते कलम 36. फक्त बचावाला लागेल तेवढंच बळ, कलम 37. तो थांबल्यावर एक चापट जरी मारली असती तर मामला फिरला असता.

तुम्ही लोकसेवक, ड्युटीवर होत्या, म्हणून त्याच संहितेचं कलम 121 (लोकसेवकाला कामापासून रोखायला दुखापत करणं) आणि 132 (त्यासाठीच हल्ला करणं) लागू शकतात. पण पोरगा 18 च्या आतला, म्हणून बाल न्याय अधिनियम 2015. अशा प्रकरणात सहसा एफआयआर होत नाही. ठाणेदार डायरीत नोंद घेतो, पोराच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल जोडून बाल न्याय मंडळाकडे पाठवतो. मंडळ समज देऊन, समुपदेशन लावून घरी पाठवू शकतं. दोषी ठरला तरी याच अधिनियमाच्या कलम 24 मुळे तो डाग पुढे त्याच्या आड येत नाही. तक्रार केली की पोरगं वाया गेलं, हे गावात कोणीही सांगो, खरं नाही.

निवृत्त मुख्याध्यापक
बाई, टाके घातले तिथे मेडिको-लीगल नोंद, म्हणजे मारहाणीची जखम अशी दवाखान्याची नोंद, झाली का, ते आधी पाहा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, प्रत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना. तंटामुक्तीत बसायचं तर बसा, पण अर्ज दिल्यावर. आणि पालकांच्या ग्रुपवर पोराचं नाव, फोटो कोणालाही टाकू देऊ नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं.

गणिताच्या मॅडम
कलम 24 चं कोणी सांगितलंच नव्हतं. अर्ज आज लिहिते. मनगट धरलं तेही त्यात स्वतःच लिहीन. वडिलांना उद्या घरी जाऊन सांगते, नोटिशीतून कळायला नको.