घोषणेत आकडा घालावा का?

मल्हारगंजी: 2024 ला लोकसभेसाठी भाजपची घोषणा होती 'अबकी बार 400 पार'. निकाल लागला: भाजप 240, रालोआ 293. सरकार तिसऱ्यांदा आलं, तरी चर्चा एकच, किती कमी पडले! आकडा नसता तर 293 वर निवांत पेढे वाटले असते. आपल्या मध्य प्रदेशात 2018 च्या विधानसभेलाही हेच झालं. 'अबकी बार 200 पार' म्हणाले आणि 230 पैकी 109 वर अडकले. विरोधकाच्या हातात आपणच फूटपट्टी कशाला द्यायची?

रामबागवाला: मुळीच पटलं नाही. घोषणा कार्यकर्त्यासाठीही असते. फेब्रुवारी 2024 मध्ये झाबुआच्या सभेत मोदी काय म्हणाले? भाजपला 370 पार न्यायचं, त्यासाठी दर बूथवर 370 मतं वाढवा. आकडा कलम 370 चा, त्यामुळे दिल्लीपासून बूथवरच्या पोरापर्यंत सगळ्यांना पाठ. नुसतं 'भरघोस मतं आणा' म्हटल्यावर भर उन्हात मतदारयादी घेऊन कोण फिरतं, भिया? प्रदेशात 29 च्या 29 आल्याच ना?

मल्हारगंजी: 29 म्हणजे इथल्या एकूण जागा, त्यात प्रतीक कसलं? 370 मनात भरतो, मान्य. पण मतं मागायची जागांसाठी आणि आकडा उचलायचा कलमाचा! 400 चं तर त्याहून अवघड. 543 चे दोन-तृतीयांश 362 होतात, मग 400 कशाला, असं लोक विचारणारच. 'संविधान बदलायला' हे उत्तर विरोधकांनी घरोघरी पोचवलं, तुम्ही खुलासे करत बसलात.

छप्पनवाली काकू: मला 56 म्हटलं की आधी आपली खाऊगल्ली छप्पन दुकान आठवते, मोदींची 56 इंची छाती नंतर! तुम्ही दोघं दिल्लीचं बोलताय, इंदूरचं काय? काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला, पक्षाने नोटाचं, म्हणजे 'यापैकी कोणीही नाही'चं, बटण दाबायला सांगितलं आणि नोटाला 2,18,674 मतं पडली. कुठल्याही घोषणेत नसलेला आकडा, पण आपल्याकडे अजून तोच निघतो.

रामबागवाला: काकू, जिंकणाऱ्याला 12 लाखांवर मतं पडली, तेही लिहा की.

मल्हारगंजी: पडली. मग पुढच्या वेळी समोर तगडा उमेदवार असताना लावाल का पोस्टर, 'अबकी बार 12 लाख पार'?

रामबागवाला: लावू की! 10 लाख आले तरी तुम्ही चर्चेचा नवा धागा काढणार, हे धरूनच.