तिघींनी मिळून क्रोशाचं पट्ट्यांचं ब्लँकेट करायचंय + जुन्या मशीनवर छोटं काय शिवू?

सुईत_दोरा_जाईना:
लोकहो, सल्ला हवाय. पुण्यातल्या धाकट्या बहिणीकडे जानेवारीत बाळ येणारे आणि फोनवर बोलता बोलता ठरून गेलं की आम्ही तिघींनी मिळून क्रोशाचं ब्लँकेट करायचं, आता प्रत्यक्षात कसं करायचं ते कुणालाच माहीत नाही. मी नाशिकला, मोठी वहिनी इंदूरला, आत्या सांगलीला. आत्याचा हात पक्का आहे, माझ्या रुखवतातली तोरणं, टेबलावरचे रुमाल सगळं तिनेच केलेलं, पण ते बारीक दोऱ्याचं काम, लोकर तिने फारशी हातात घेतलेली नाही. वहिनी यूट्यूब बघून शिकलीये. मला साखळी, खांब (उंच टाका) आणि मुका खांब (बुटका टाका) येतो, त्यापलीकडे विचारू नका.

डिझाइन एकदम साधं, पट्टे हवेत. मस्टर्ड, मोरपंखी, राखाडी आणि ऑफ व्हाइट. एकच ब्लँकेट कुरियरने फिरवायचं का, म्हणजे मी फूटभर विणून वहिनीला पाठवणार, ती आत्याला, असं? की वेगवेगळं करून जोडायचं? लोकर किती लागेल? आणि अजून एक, आईचं पायाचं मशीन माझ्याकडे आलंय, बरीच वर्षं बंद होतं, त्यावर ब्लँकेटसोबत द्यायला काहीतरी छोटं शिवावं म्हणते. ब्लाउज वगैरे सांगू नका, सरळ टीप मारता येते एवढंच.

बोहरी_आळीची_गिऱ्हाईक:
फिरवू नकोस! प्रत्येकीचा हात वेगळा असतो. आत्या बारीक दोऱ्यावर काम केलेल्या, त्यांचा हात घट्ट असणार, वहिनी नव्या म्हणजे बहुतेक सैल, एकाच सुईने एकाच लोकरीने विणलं तरी तुझा फूटभर भाग ३६ इंच रुंद येईल, त्यांचा ३३ आणि तिसरीचा ३९, आणि ते एकाखाली एक आलं की कडा सापासारखी वळवळते.

त्यापेक्षा उभ्या पट्ट्या करा. साधारण ३६ इंच लांब, ७ इंच रुंद अशा पाच, आणि प्रत्येक पट्टीत रंगांचे आडवे पट्टे. एकीने एक पट्टी पूर्ण आपल्या हातानेच करायची, मध्येच दुसरीला द्यायची नाही. दोन तू, दोन आत्या, एक वहिनी.

पण आधी नमुना!! तिघींनी त्याच लोकरीचे २० खांब घालून १० ओळी विणा आणि फूटपट्टीने मोजून फोटो टाका एकमेकींना. जिचा तुकडा लहान येईल तिने सुई अर्ध्या नंबरने मोठी घ्यायची, मोठा येईल तिने लहान. तू ४ एमएमवर असलीस तर आत्यांना साडेचार किंवा ५ सुद्धा लागेल. हात बदलायला कुणाला सांगू नये, तो बदलत नाही, सुई बदलावी.

खिडकीजवळची_सीट:
मी दादा आहे, काकू/ताई समजू नये 😄 लोकलमध्ये क्रोशा करतो, आता डब्यातले लोक बघायचे थांबलेत.

वरच्या ताईंशी थोडा असहमत. फिरतं ब्लँकेट होतं. आमच्या ऑफिसातल्या चौघांनी केलंय, अट एकच ठेवलेली की ओळीत टाके मोजायचे आणि प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी आकडा ग्रुपवर टाकायचा. कडा थोडी आतबाहेर झालीच पण वरून चार ओळींची बॉर्डर घातली त्यात बरीचशी गेली. आणि कुठला पट्टा कुणाचा ते ओळखू येतं हीच तर मजा असते ना. मात्र आम्ही सगळे एकाच इमारतीत होतो, कुरियरचं झंझट नव्हतं. तुमच्या केसमध्ये नाशिक-इंदूर-सांगली म्हणजे विणण्यापेक्षा पार्सलची वाट बघण्यातच जानेवारी उजाडेल, सो निष्कर्ष तोच, वेगवेगळ्या पट्ट्या करा.

टाके कमी कुठे होतात ते सांगून ठेवतो कारण नव्या माणसाचं ब्लँकेट वर वर निमुळतं होत जातं ते इथेच. ओळ उलटल्यावर ज्या ३ साखळ्या घालतो त्या पहिला खांब धरल्या तर ओळीच्या शेवटी मागच्या ओळीतल्या त्या ३ साखळ्यांच्या डोक्यावर खांब घालावाच लागतो. तो दिसत नाही, लपलेला असतो, लोक सोडून देतात आणि दर ओळीला एक खांब उडतो. तिथे मार्कर (टाक्यात अडकवायची खुणेची पिन) लावा, मार्कर नसेल तर सेफ्टी पिन.

पोतडी:
वहिनींना विचार कुठले व्हिडिओ बघतात. अमेरिकन व्हिडिओतला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब आणि ब्रिटिश पॅटर्नमधला डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. नाव तेच, उंची निम्मी. तिघींनी आपापसात खांब / मुका खांब असंच बोला.

बाकी एवढं घाबरायचं काम नाही. मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या ग्रुपने २०१६ मध्ये चेन्नईला ११ हजार चौरस मीटरपेक्षा मोठं ब्लँकेट करून गिनेसमध्ये नाव लावलं, ते पण घरोघरी तुकडे विणून आणि मग एकत्र जोडूनच. तुमच्या तर पाच पट्ट्या.

सुईत_दोरा_जाईना:
पट्ट्या फायनल! पण मग जोडताना रंगांचे पट्टे एकमेकांसमोर यायला हवेत ना? आणि लोकर राहिलीच.

बोहरी_आळीची_गिऱ्हाईक:
समोरासमोर आणायच्या नादाला लागू नकोस, अर्धा सेंटिमीटर सरकलं तरी डोळ्यात खुपतं. प्रत्येक पट्टीत रंगांचा क्रम वेगळा ठेवा, मग चूक कुठली आणि डिझाइन कुठलं कुणाला कळत नाही. फक्त ओळी सगळ्यांच्या सारख्याच हव्यात. ४ एमएमने साधारण ४ इंचात १६ खांब आणि ८ ओळी येतात, म्हणजे २८ खांबांची रुंदी आणि ७२ ओळी. चार-चार ओळींचा एक रंग धरला तर एका पट्टीत १८ पट्टे. तुमच्या नमुन्यात वेगळं आलं तर तेच धरा, माझं नको.

जोडताना कडेच्या प्रत्येक ओळीत दोन मुके खांब. ओळी मोजून जोडायचं, इंच मोजून नाही, मग एखादी पट्टी अर्धा इंच लांब असली तरी जोडात मुरते. जोड ऑफ व्हाइटने कर.

लोकर: या साइझला अर्धा किलोच्या आसपास. पण नक्की हवं असेल तर एक पट्टा विणून झाला की स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर लोकरीचा गुंडा ठेव, विणायच्या आधीचं वजन वजा विणल्यानंतरचं, गुणिले ९० (पाच पट्ट्यांत प्रत्येकी १८ पट्टे). वर बॉर्डर आणि जोडाला शंभर ग्रॅम. एकाच वेळी घे सगळी आणि लेबलवरचा लॉट नंबर सारखा बघ, दोन महिन्यांनी तोच मोरपंखी मागितलास तर दुकानदार देईल तो मोरपंखीच असतो पण तो नसतो. लोकर एकीनेच घ्यायची आणि तिनेच वाटून पाठवायची, तेवढंच एक कुरियर.

पुण्यात आलीस तर रविवार पेठेत बोहरी आळी, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट. लुधियानाची वर्धमान, ओसवाल दोन्हींची अॅक्रेलिक लोकर चालते, बाळासाठी म्हणून मऊ येते ती माग. गालाला लावून बघ, हाताला मऊ लागलेली गालाला टोचते कधीकधी.

उन्हाळी_वाळवण:
अॅक्रेलिक का पण? पुण्यातलं बाळ आहे, जानेवारी संपला की त्या ब्लँकेटचं करायचं काय. कॉटन घ्या.

खिडकीजवळची_सीट:
कॉटन छान पण जड होतं, ओलं झालं की दोरीवर लोंबून लांब होतं, आडवं पसरूनच वाळवावं लागतं. बाळाच्या घरी आठवड्याला दोनदा धुणार, कोण एवढं करतंय. अॅक्रेलिक जाळीच्या पिशवीत घालून मशीनला टाकता येतं. फक्त इस्त्री लावू नका त्याला कधीच, वितळल्यासारखं होऊन कायमचं चपटं पडतं.

आणि दोऱ्यांची टोकं! कुणी बोललंच नाही. १८ पट्टे, प्रत्येकाची दोन टोकं, पाच पट्ट्या, म्हणजे १८० टोकं खोचायची. शेवटी खोचू म्हणाल तर ब्लँकेट बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मिळेल. रंग बदलताना आधीच्या रंगाच्या शेवटच्या खांबाचे शेवटचे दोन फास नव्या रंगाने ओढायचे, सहा इंच टोक सोडायचं आणि पुढच्या ओळीचे खांब त्या टोकावरूनच घालत जायचं. तरी शेवटचा इंच-दीड इंच सुईने उलट दिशेला परत फिरवा, नाहीतर धुण्यात बाहेर येतो.

निवांत_आजी:
बाळाचं आहे म्हणून बोलते. मोठ्या भोकांची जाळी अजिबात नको, बाळाची बोटं अडकतात. भरीव खांबच ठेवा. आणि वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना पाळण्यात सुटं पांघरूण ठेवू नये असं डॉक्टर सांगतात, तेव्हा ब्लँकेट मांडीवर, बाबागाडीत, खाली पसरून पालथं पडायला असं वापरायला सांगा बहिणीला.

मागून जुन्या सुती साडीचं अस्तर लावलंत तर फार छान होतं, गोधडीला लावतात तसं. सासूबाईंची किंवा आईची मऊ झालेली साडी घ्या, नवीन कापड नको. आणि अस्तर चारी बाजूंनी मशीनवर टीप मारून घट्ट बसवू नका हो, क्रोशा ताणतो आणि कापड ताणत नाही, मग फुगे येतात. अस्तर थोडं ढिलं धरायचं, कडेने हाताने तुरपाई आणि मध्ये पट्ट्यांच्या जोडांवर जागोजागी एकेक टाका.

सुईत_दोरा_जाईना:
आजी, अस्तराची आयडिया 😍 आईची एक नारायणपेठ आहे, काठ विरलेत पण मधलं अंग मऊसूत आहे. म्हणजे मशीन त्याला लागणार नाही. मग मशीनवर काय करू?

पोतडी:
आधी मशीन तर चालतंय का बघ. सगळ्या भोकांत मशीनचंच तेल (खोबरेल नाही!!), रिकामं चालवायचं, मग चिंधीवर टीप मारायची तेल निघेपर्यंत. मशीनच्या चाकाचा पट्टा सैल झाला असेल तर कापून परत जोडता येतो, पाचदहा मिनिटांचं काम, मशीनवाला शिकवेल. सुई नवीन घे, साडीसारख्या पातळ कापडाला ११ नंबर, पिशवी वगैरेला १६. खाली दोऱ्याचा गुंता व्हायला लागला की सगळे बॉबिनला शिव्या देतात, नव्वद टक्के वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. दाब (कापड दाबून धरणारा पाय) वर उचलून वरचा दोरा पूर्ण काढ आणि पहिल्यापासून ओव.

आणि ते हातात धरायचं स्टेपलरसारखं मिनी मशीन कुणी सुचवलं तर घेऊ नकोस. एकाच दोऱ्याची साखळी टीप असते त्याची, टोक ओढलं की सगळी शिवण सर्रकन उसवते.

बोहरी_आळीची_गिऱ्हाईक:
उशीचा अभ्रा कर, चेन नाही बटण नाही, पाकिटासारखा. १६ इंची उशीला १७ इंच रुंद आणि ३८ इंच लांब पट्टी. दोन्ही आखूड कडा इंचभर दुमडून टीप. मग सुलट बाजू आत ठेवून दोन्ही टोकं मध्ये आणायची, चार इंच एकावर एक आली पाहिजेत, दोन्ही बाजूंना अर्धा इंच माया धरून सरळ टीप, उलटवलं की झालं. ४४ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडात दोन बसतात. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजव, विशेषतः मांजरपाट किंवा खादी असेल तर, नाहीतर पहिल्याच धुण्यात अभ्रा उशीवर चढत नाही.

खणाचं कापड घेणार असशील तर त्याचा पन्हा अरुंद असतो, आधी मोजून मग हिशोब कर.

निवांत_आजी:
अभ्रा मोठ्यांना. बाळाला टोपरं, लंगोट, झबलं. टोपऱ्याला बंद लांब नकोत.

उन्हाळी_वाळवण:
त्याच नारायणपेठेच्या काठातून ब्लँकेट ठेवायची नाडीची पिशवी करा की. काठ विरलाय म्हणता पण दुहेरी करून मागून मांजरपाट लावला तर टिकेल. वर दीड इंच दुमडून एक टीप कडेला, दुसरी त्याच्यावर पाऊण इंच सोडून, मधून नाडी. बाजूची शिवण घालताना त्या पाऊण इंचाची जागा उघडी सोडायची, नाडी तिथूनच ओवणार ना. धुवायला टाकायची सोय म्हणून साधी सुती नाडी घ्या, सॅटिनची सुटते.

सुईत_दोरा_जाईना:
वा, मग ठरलं. लोकर मी घेते, रविवारी पुण्यात जायचंच आहे. तिघींचे नमुने आले की इथे माप टाकते. आत्याला फोन केला, ती म्हणे मुक्या खांबाचंच करू, खांब कशाला, घट्ट छान दिसेल. काय सांगू तिला?

खिडकीजवळची_सीट:
आत्यांना सांगा की मुक्या खांबाची ओळ खांबाच्या निम्म्यापेक्षा कमी उंच, वेळ दुपटीहून जास्त, लोकरही जास्त खाणार आणि पट्टी पुठ्ठ्यासारखी ताठ होणार. बॉर्डर मुक्या खांबाचीच करायची आहे, ती पूर्ण त्यांच्याकडे द्या, चारी बाजू. कोपऱ्यात एकाच टाक्यात तीन मुके खांब घालायला सांगा म्हणजे कोपरा गोळा होणार नाही, ते त्यांना माहीत असेलच म्हणा.